फॉन्ट बसवला, पण छपाईच्या सॉफ्टवेअरला दिसत का नाही?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची स्मरणिका यंदा आम्ही उबुंटू असलेल्या संगणकावर तयार करत आहोत. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट उतरवून बसवला. लिब्रेऑफिस रायटरमध्ये तो दिसतो, पण पानांच्या मांडणीसाठी घेतलेल्या स्क्रायबसच्या यादीत त्याचे नाव नाही. गेल्या अंकाच्या वेळी तर छापून आलेल्या पानांत जोडाक्षरे सुटी पडली होती. फॉन्ट नेमका कुठे ठेवला म्हणजे छपाईच्या सॉफ्टवेअरला मिळेल?
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. फॉन्ट संगणकावर बसणे ही पहिली, मांडणीच्या प्रोग्रॅमला तो दिसणे ही दुसरी आणि तयार पीडीएफमध्ये तो प्रत्यक्ष जाणे ही तिसरी. प्रेसचा संबंध फक्त तिसरीशी येतो. पहिली झाली की पुढच्या दोन आपोआप होतात असे धरून चालल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते. म्हणून एकेक पायरी तपासत जाऊ.

पूर्वी लिनक्सवर पडद्यासाठी फॉन्टची एक यादी असे आणि छपाईसाठी घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमची दुसरी. दोन्हींत नाव चढवावे लागे. २००२ च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांची 'फॉन्टकॉन्फिग' ही व्यवस्था आली आणि चित्र पालटले. आज लिब्रेऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस हे सगळे 'कोणते फॉन्ट आहेत?' हे फॉन्टकॉन्फिगलाच विचारतात. त्यामुळे फॉन्ट त्याच्या नजरेतल्या फोल्डरमध्ये हवा. तुमच्या एकट्याच्या वापरासाठी होम फोल्डरमधले लपलेले 'डॉट लोकल', त्यातले 'शेअर' आणि त्यातले 'फॉन्ट्स' ही जागा योग्य. संगणकावर अनेक जण काम करत असतील तर 'यूएसआर', 'लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' या क्रमाने उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. या दुसऱ्या ठिकाणी प्रशासकाच्या अधिकाराने फाईल टाकली आणि वाचण्याची परवानगी इतरांना दिलीच नाही, तर फॉन्ट तिथे असूनही कोणालाच दिसत नाही. फाईलच्या गुणधर्मांत जाऊन वाचण्याची परवानगी सर्वांना आहे ना, हे पाहून घ्या.

मग टर्मिनल उघडून 'एफसी-कॅश' ही आज्ञा द्या, म्हणजे यादी ताजी होते. (आज्ञा टंकायच्या रोमन लिपीतच; इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) त्यानंतर 'एफसी-लिस्ट' दिली की प्रत्येक फॉन्टचे नाव आणि तो कोणत्या फोल्डरमधून आला, हे दोन्ही समोर येते. 'टिरो' त्यात दिसला तर पहिली पायरी पार पडली. आणखी एक आज्ञा उपयोगी आहे, 'एफसी-मॅच'. तिच्यापुढे फॉन्टचे नाव लिहिले की त्या नावाने विचारल्यावर प्रत्यक्षात कोणता फॉन्ट मिळेल ते कळते. हे महत्त्वाचे आहे, कारण फॉन्टकॉन्फिग कधी 'फॉन्ट नाही' असे म्हणत नाही. मागितलेला सापडला नाही तर जवळचा दुसरा फॉन्ट मुकाट्याने देते. पडद्यावर काही तरी उमटते आणि तोच आपला फॉन्ट असे आपण समजून बसतो.

आता स्क्रायबस. फॉन्ट बसवला तेव्हा तो चालू होता का? स्क्रायबस फॉन्टची यादी सुरू होताना वाचतो, म्हणून तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही नाव दिसले नाही तर तो कुठून घेतला होता ते आठवा. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकच्या रूपात आलेले प्रोग्रॅम कुंपणाच्या आत चालतात आणि संगणकावरचे प्रत्येक फोल्डर त्यांना खुले नसते. वर सांगितलेल्या ठरावीक जागा बहुधा त्यांना दिसतात. पण डाउनलोड्समध्ये किंवा पेन ड्राइव्हवर पडलेला फॉन्ट दिसेलच असे नाही. फॉन्ट वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवायचा असेल तर स्क्रायबसच्या प्राधान्यक्रमात, फॉन्ट या विभागात, जास्तीचे मार्ग नोंदवण्याची सोय आहे. मात्र एखादा दस्तऐवज उघडा असताना ती वापरता येत नाही. सगळे दस्तऐवज बंद करा, मार्ग नोंदवा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. फॉन्ट तरीही आला नाही, तर फाईल सदोष असण्याची शक्यता धरा. इतर प्रोग्रॅम चालवून घेतात असा बिघडलेला फॉन्ट स्क्रायबस नाकारतो. ही कडक तपासणी छपाईच्या दृष्टीने हिताचीच आहे. अशा वेळी फाईल मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवून घ्यावी.

'टिरो'बद्दल एक गोष्ट मांडणीच्या आधीच ठरवून ठेवा. त्यात साधा आणि तिरपा असे दोनच प्रकार आहेत, ठळक नाही. रायटरमध्ये 'ठळक' दाबल्यावर शीर्षक जाड होते, कारण रायटर साध्या अक्षरालाच कृत्रिम जाडी देतो. स्क्रायबस असे करत नाही. ठळक अक्षराची खरी फाईल असेल तरच ते मिळते. शीर्षकांसाठी 'मुक्ता'सारखा, अनेक जाडींत मिळणारा फॉन्ट निवडलात तर पान उठून दिसेल.

जोडाक्षरे सुटण्याचे दुखणे फॉन्टच्या जागेचे नाहीच. देवनागरीत अक्षरांचा नुसता क्रम लावून भागत नाही. कोणत्या अक्षरांचा जोड होतो, वेलांटी कुठे जाते, रफार कुठे चढतो, हे नियम फॉन्टमध्ये असतात आणि प्रोग्रॅमने ते पाळावे लागतात. स्क्रायबसच्या १.४ या जुन्या मालिकेत ती क्षमता नव्हती. २०१७ मध्ये १.५.३ ही चाचणी आवृत्ती आली, तिच्यात हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअर-लायब्ररीचा आधार घेतला गेला आणि देवनागरी नीट जुळू लागली. या कामात ओमानमधल्या मुक्त-स्रोत कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना अरबी हवी होती. तिच्याबरोबर मराठीचेही काम झाले. स्थिर आवृत्ती १.६ ही २०२४ मध्ये आली. तुमच्याकडे १.४ असेल तर फॉन्ट कितीही बदलला तरी उपयोग नाही, आधी स्क्रायबस बदला. नंतर एका रिकाम्या पानावर 'स्त्रिया, उद्घाटन, कीर्ती, तऱ्हा, दऱ्याखोऱ्या' एवढे शब्द लिहून पाहा. वेलांटी जागेवर, रफार डोक्यावर आणि 'ऱ्या'तला अर्धा र आडव्या वळणाचा दिसला, तर आवृत्ती आणि फॉन्ट दोन्ही विश्वासाचे.

शेवटची पायरी पीडीएफची. स्क्रायबसमधून पीडीएफ काढताना फॉन्टच्या विभागात सगळे फॉन्ट अंतर्भूत करायला सांगा. छपाईसाठी असलेला 'पीडीएफ/एक्स-३' हा प्रकार निवडलात तर उत्तमच, कारण फॉन्ट आत असणे ही त्या प्रकाराची अटच आहे. मग फाईल प्रेसला पाठवण्यापूर्वी टर्मिनलमध्ये 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा आणि पुढे फाईलचे नाव द्या. फॉन्टांचा एक तक्ता येतो. त्यातल्या 'ईएमबी' या रकान्यात प्रत्येक ओळीला 'यस' हवे. फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसले तर घाबरू नका. वापरलेलीच अक्षरे आत घेतली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या ओळीत 'नो' असेल तर ती फाईल पाठवू नका. बहुतेक वेळा बाहेरून आणलेली एखादी जाहिरात किंवा चित्रफाईल आपला फॉन्ट सोबत न घेता आलेली असते.

प्रश्न : प्रिंटरसाठी वेगळा फॉन्ट बसवावा लागतो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. आजच्या लिनक्सवर 'प्रिंट' म्हटले की प्रोग्रॅम सहसा स्वतःच पीडीएफ तयार करून कप्स या छपाई-व्यवस्थेकडे सोपवतो आणि फॉन्ट त्या पीडीएफमधूनच जातो. फॉन्ट शोधण्याच्या बाबतीत अपवाद टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा. त्यातले झीटेक फॉन्टकॉन्फिगची यादी वापरते, पण लुआटेक स्वतःची यादी ठेवते. नवा फॉन्ट तिला मिळाला नाही तर 'लुआओटीएफलोड-टूल' ला 'अपडेट' सांगून ती यादी ताजी करावी लागते.

प्रश्न : फॉन्ट सापडतो, छापतोही, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण कसे आणावे?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळले तरच मराठी वळण निवडले जाते. रायटरमध्ये सगळा मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' करा. झीटेकमध्ये फॉन्ट घोषित करतानाच भाषा सांगता येते. मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय सापडत नसेल, तर मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्यावा. 'टिरो देवनागरी'चे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे वेगवेगळे फॉन्ट मिळतात ते याचसाठी. ते मुक्त परवान्याचे असल्याने पीडीएफमध्ये घालायलाही आडकाठी नाही. मुले वर्गात जो ल आणि श गिरवतात, तोच त्यांच्या हातातल्या छापील पानावर असला पाहिजे. त्यासाठी लागणारी सगळी साधने आज मोफत मिळतात. पीडीएफ पाठवण्याआधी ती दोन अक्षरे नजरेखालून घालण्याचे काम मात्र आपलेच आहे.