उंदीर आणि उभी गाडी

आमच्या शेजाऱ्यांचा टेम्पो पावसाळाभर कडब्याच्या गंजीला लागून उभा होता. एका रात्री त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तिला तालुक्याला न्यायचे होते. किल्ली फिरवली, पण टेम्पो हूं की चूं करीना. बॉनेट उघडले तर आत गवताचे घरटे, आणि वायरी कुरतडलेल्या! शेवटी दुधाची गाडी थांबवून तिला नेले. बाई सुखरूप बाळंत झाली, पण तोवर आम्हा सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

उंदीर वायर पोटासाठी कुरतडत नाही, बरं का. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवायला त्याला सारखे काहीतरी कुरतडावे लागते. इंजिनात त्याला आडोसा मिळतो, ऊबही मिळते. हौद्यात दाणे सांडलेले असले, मग काय विचारता! खारही असेच करते.

गाडी कडबा आणि उकिरडा यांपासून लांब, मोकळ्यावर लावा. हौदा झाडा. उंदराच्या पिलाला बोटाएवढे भोकही पुरते. अशा भोकांना मिस्त्रीकडून बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या. चिंध्या कोंबू नका, त्या पेट घेतात. गाडी उभीच असली तरी आठवड्याला बॉनेट उघडून पाहा.

वायर कुरतडलेली दिसली तर किल्ली फिरवू नका. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की ठिणगी उडते, गाडी जळू शकते. आधी बॅटरीची तार सोडा, मग मिस्त्रीला बोलवा.

लेंड्या उघड्या हाताने काढू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. आणि विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरते, घुबडही मरते. घुबडाला आपण अशुभ म्हणतो, पण रात्रभर फुकट उंदीर मारणारे तेच!