गोधडी गडग्यावर घातली तेव्हा

माझा धाकटा सात वर्षांचा झाला तरी अंथरुणात शू करायचा. आमच्या पावस गावातला आषाढ, गोधडी चार-चार दिवस वाळत नाही. पडवीत दोरी, माजघरात दोरी आणि घरभर वास. एका सकाळी जरा उघडीप होती. माझा संताप अनावर झाला आणि ती ओली गोधडी मी त्यालाच गडग्यावर घालायला लावली. शाळेची मुलं तिथूनच जातात.

पुढे आठवडाभर अंथरूण कोरडं. मला वाटलं, लाज वाटली, सुधारला. मग आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे चुरगळलेल्या चड्ड्या सापडल्या. आम्ही झोपलो की तो गोधडीवरून उतरून गार कोब्यावर टॉवेल टाकून झोपत होता. ते कळलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शीचा. रोज साफ होते का? होत नव्हती. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढतं. काही मुलांत ते उशिरा वाढायला लागतं. त्यातून झोप इतकी गाढ की भरलेल्या मूत्राशयाची हाक मेंदूपर्यंत पोचत नाही. यात आळस नाही, हट्टही नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांचं असं होतं आणि बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं.

म्हणून सांगते, मारू नका, चारचौघांत बोलू नका. पाणी तोडू नका. दिवसा भरपूर द्या, झोपण्याआधी तासभर कमी करा. शाळेत मूल लघवी दाबून ठेवतं का, ते विचारा. गोधडीखाली मेणकापड घाला. सातव्या वर्षानंतरही चालू राहिलं तर ओल लागताच वाजणारा अलार्म आहे, औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांनी दिली तरच. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, सारखी तहान लागली, वजन उतरलं किंवा लघवीला जळजळ झाली, तर मात्र त्याच दिवशी लघवी आणि साखर तपासून घ्या.

डॉक्टरांनी घराण्यात कुणाला होतं का, तेही विचारलं होतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा बापूस चौथीपर्यंत भिजवायचा." ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री ह्यांनी ते मुलाला स्वतः सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "बाबा, तुमची गोधडी कुठे वाळत घालायचे?"