पाय उचलायचा नाही, काढायचा

ट्रॉम्बेत वाढलेल्या माणसाला जंगल लहानपणापासून दिसतं, पण कुंपणापलीकडून. आमच्या मागचा डोंगर पावसाळ्यात हिरवा व्हायचा, ढग त्याच्या माथ्यावर येऊन टेकायचे, आणि तिथं पाय ठेवायची सोय नव्हती. डोंगर अणुसंशोधन केंद्राच्या हद्दीतला. १९५६ साली ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी याच भागात सुरू झाली, तेव्हा भिंत, पहारा हे सगळं ओघानंच आलं. आम्हा पोरांच्या वाट्याला उरली दुसरी बाजू : जेट्टी, खाडी आणि खारफुटी.

नववीत असताना वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात अमेझॉनचा फोटो पाहिला. तपकिरी नदी, दोन्ही काठांना झाडांची भिंत, आणि पाठीवर सॅक घेतलेली एक बाई होडीतून उतरते आहे. ती बाई मीच, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. आज माझं वय अठ्ठेचाळीस आहे आणि मी अमेझॉनला गेलेले नाही. त्या तयारीसाठी म्हणून सह्याद्रीतल्या ओल्या जंगलांत मात्र बावीस-तेवीस वर्षं हिंडले : आंबोली, कोयना, राधानगरी, तिलारी, भीमाशंकर. पुढचे अनुभवाचे बोल या रंगीत तालमीचे आहेत. नाटक अजून लागायचंय.

१. चिखलाशी झटापट करू नये

हा धडा जंगलातला नाही, ट्रॉम्बेच्या खाडीतला. कोळीवाड्यातली एक मावशी ओहोटीला चिखलातले मासे, म्हणजे निवट्या, पकडायला जायची. सुट्टीत मी हट्टानं तिच्या मागे गेले, तेही शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. घाबरून पाय वर खेचायला लागले, तसा दुसरा पाय आणखी खाली.

मावशी वळली आणि म्हणाली, “पाय उचलू नको, काढ.”

त्यातला फरक कळायला मला बराच वेळ लागला. पाय सरळ वर उचलला की खालचा गाळ त्याला ओढून धरतो. म्हणून आधी टाच हलवून सैल करायची, आत थोडं पाणी शिरू द्यायचं, चवडा खाली वळवायचा आणि पाय तिरका, मागून काढायचा. अंग पुढे झुकलेलं हवं. एका जागी उभं राहायचं नाही. आणि तिवराची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. श्वास घेण्यासाठी झाडानं ती बाहेर काढलेली असतात, आपले तळवे फाडण्यासाठी नव्हे, पण तळव्यांना ते कोण सांगणार! मी घाई करत होते. मावशी म्हणाली, “चिखल काय पलून चाललाय?”

एक बूट तिथंच राहिला. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून. त्यात माझा बूटही आला.

पुढे तिलारीच्या बाजूला एका दलदलीत आमच्या गटातला सहा फुटी, व्यायामशाळेत घडलेला गडी मांडीपर्यंत रुतला आणि ओरडायला लागला. त्याला वर ओढायला सरसावलेल्या चौघांना मी थांबवलं आणि मावशीचं वाक्य म्हटलं. पाच मिनिटांत तो स्वतःच बाहेर आला.

२. पाणी पाठीमागून येतं

शहरी माणूस पाण्याची वाट समोरून बघतो. खाडीत भरती चढते ती आधी तुमच्या मागच्या छोट्या नाळ्यांतून. तुम्ही गाळात खाली वाकून शिंपल्या वेचत असता, आणि परतीची वाट केव्हाच भरलेली असते. म्हणून मावशीचा पहिला प्रश्न तिथी कोणती, हा असायचा. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. मोबाईलमध्ये आता तक्ते मिळतात, पण मी अजून आधी गुणाकार करते आणि मग तक्ता बघते.

डोंगरातल्या ओढ्याला तिथी नसते. तिथं रंग बघावा. आंबोलीच्या खालच्या अंगाला एकदा आम्ही ओढा ओलांडून पलीकडे खडकावर जेवायला बसलो होतो. आमच्या डोक्यावर ऊन होतं. पाणी नितळ होतं, ते हळूहळू चहासारखं झालं. मग त्यावरून सुकी पानं आणि काटक्या वाहत यायला लागल्या. मी डबे तसेच उघडे सोडून सगळ्यांना अलीकडे आणलं. दोघं नाराज झाले, कारण अंडाकरी पलीकडे राहिली होती. पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला. पाऊस वर घाटमाथ्यावर पडत होता, आम्हाला त्याचा थेंबही लागला नव्हता.

३. ओले कपडे सकाळी परत घालता आले पाहिजेत

मनौस हे अमेझॉनच्या ऐन जंगलातलं शहर. तिथं वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सांताक्रूझलाही जवळपास तेवढाच पडतो. आंबोलीला पडतो ७,००० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे पावसाच्या बाबतीत तालीम नाटकापेक्षा जोरदार.

पहिल्या आंबोलीवारीत मी जीन्स घातली होती. जीन्स भिजली की पोत्यासारखी जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. सॅकवरचं रेनकव्हर पहिल्याच वळणावर वाऱ्यानं उडालं. रात्री सॅक उघडली तर आतल्या चादरीतून पाणी पिळून निघालं. तेव्हापासून कव्हरवर विसंबत नाही. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी आणि तिच्यात सगळं सामान.

कपड्यांचे जोड दोनच. एक चालायचा, तो ओलाच राहणार. दुसरा झोपायचा, तो काहीही झालं तरी कोरडाच. खरी परीक्षा सकाळी सहाला असते. उबदार कोरडे कपडे काढून ते गार, ओले, वास मारणारे कपडे अंगावर चढवायचे. ‘आजच्या दिवस कोरडेच घालते’ असं ज्यानं म्हटलं, त्याची दुसरी रात्र गेली. हे मी स्वतःवरून सांगते.

४. जळू ओढू नये

वासोट्याला बामणोलीहून लाँचनं जावं लागतं. कोयनेच्या धरणानं अडवलेल्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास, मग मेट इंदवलीला उतरून चढ. हे सगळं कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. वनखात्याची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही. पावसाळा सरता सरता गेलात तर स्वागताला जळवा असतात.

जळू चावताना कळत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती गळून पडल्यावरही जखम वाहत राहते आणि मोजा लाल झालेला पाहून नवखी माणसं भोवळ येऊन बसतात. रक्त दिसतं त्या मानानं फारच थोडं गेलेलं असतं. मीठ, तंबाखू, काडीपेटी असे सतरा उपाय लोक सांगतात. मला जमलेला उपाय नखाचा. तिच्या तोंडाच्या बारीक टोकाखाली नख सरकवायचं, पकड सुटली की टिचकी मारायची. मग जखम धुऊन दाबून धरायची. पँट मोज्यात खोचायची आणि थांबायचं असेल तर पालापाचोळ्यात न थांबता खडकावर थांबायचं.

५. जड सॅक म्हणजे भीतीची यादी

माझी पहिली सॅक सोळा किलोंची होती. त्यात सतरंजी, दोन टॉर्च, स्टीलचा तीन पुडांचा डबा, कादंबरी आणि लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. प्रत्येक वस्तूमागे एक ‘समजा’ होता. बरणी कोयनेच्या चढावर फुटली. आता तीन दिवसांसाठी आठ किलोंच्या वर जात नाही, पाण्यासकट.

खाण्यात साबुदाणा नेते. भिजवायला थोडं पाणी लागतं आणि पोट धरून ठेवतो. मागे अमेझॉनबद्दल वाचताना कळलं, की साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटाही तिथलाच, मिरची मेक्सिकोकडची. आपण एकादशीला ज्या श्रद्धेनं खिचडी खातो, तिच्यात आपलं म्हणावं असं तूप तेवढं उरतं! कोकणातला काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. मला अमेझॉनला जायला जमलं नाही, पण त्यातलं बरंच काही माझ्या आधीच इकडे येऊन बसलेलं होतं.

६. वाट विचारताना हो-नाहीचा प्रश्न विचारू नये

“मामा, ही वाट बरोबर आहे ना?” असं विचारलंत तर मामा “हो” म्हणणार. माणूस दमलेला दिसतोय, त्याला नाही कशाला म्हणा, असा तो चांगुलपणा असतो. “अमुक गावाला कोणती वाट जाते?” असं विचारावं. किती लांब, हेही विचारू नये. उत्तर ठरलेलं : “हे काय, हितंच.” त्यांचं ‘हितंच’ आपल्या दोन तासांचं असतं. त्यापेक्षा मध्ये ओढे किती लागतात, हे विचारावं. ते अचूक सांगतात.

७. टॉर्च बंद करायला शिकावं

भीमाशंकरच्या रानाच्या कडेला आहुपे गाव आहे. जुलैत तिथं एका घरी उतरलो होतो. जेवण झाल्यावर घरातल्या आजोबांनी आम्हाला मागच्या झाडीपाशी नेलं आणि टॉर्च बंद करायला सांगितलं. आम्ही केले. काहीच दिसेना. कुणीतरी मोबाईल काढला, आजोबांनी तोही खिशात ठेवायला लावला. पाच मिनिटं गेली असतील. मग पायाशी पडलेली एक कुजकी फांदी फिकट हिरवी दिसायला लागली. मग तिच्या पलीकडची. मग एका खोडाचा अख्खा बुंधा. ओल्या मेलेल्या लाकडावर वाढणारी ही बुरशी स्वतः उजेड देते. तो इतका मंद असतो, की हातातल्या टॉर्चपुढे तो नसल्यातच जमा. फोटोत दिसतो तसा भडक हिरवा तर मुळीच नसतो. तो कॅमेऱ्याचा प्रताप.

माझ्या मैत्रिणीनं चमकणारी एक काटकी उचलली. आजोबा म्हणाले, “ठेव बाय. ती देवाची हाय.” तिथून पुढे देवराई सुरू होत होती. देवराईतलं वाळकं लाकूडही न्यायचं नाही, हा नियम. इतकी वर्षं तिथं फांद्या जागेवर कुजत आल्या, म्हणून तर त्या चमकायला शिल्लक होत्या.

आंबोलीतही असंच थांबून बघावं लागतं. पावसाळी रात्री डबक्यावरच्या पानांना फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. ती उडत्या बेडकाची घरटी. आतली पिल्लं टपकन पाण्यात पडतात. ते बघायला मी एकदा दीड तास छत्री घेऊन बसले. एकही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी बसले, तेव्हा तीन पडली.

८. साप

हिरवा चापडा फांदीसारखाच दिसतो, म्हणून न बघता फांदी धरू नये. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते, चापड्यासाठी नाही. त्याचा दंश सहसा जीवघेणा नसतो, पण दुखतं भयंकर. कुठलाही साप चावला तरी चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता दवाखाना गाठायचा. बावीस वर्षांत आमच्यापैकी कुणाला साप चावलेला नाही. विंचू दोनदा चावला, दोन्ही वेळा बुटात हात घालताना.

९. पिवळं कार्ड

ब्राझीलला जायचं तर पीतज्वराची लस लागते. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर आपल्याला अडकवून ठेवतात. मी २०२० च्या फेब्रुवारीत घेतली. मेचं तिकीट होतं. मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. तिकिटाचे पैसे अर्धेमुर्धे परत आले. कार्ड मात्र जन्मभर चालतं. ते मी काळ्या पिशवीत, झोपायच्या कपड्यांच्या घडीत ठेवते. आंबोलीलाही बरोबर नेते. का नेते, ते विचारू नका.

निघायच्या तयारीच्या त्या दिवसांत मावशीला भेटायला कोळीवाड्यात गेले होते. ती आता खाडीत उतरत नाही, दारात बसून सुकट निवडते. मी तिला मनौसच्या नदीचे फोटो दाखवले. पाण्यात निम्मी बुडालेली झाडं बघून तिनं लगेच विचारलं, “भरती कवा?”

मी सांगितलं, तिथं पाणी रोज चढत-उतरत नाही. निम्मं वर्ष चढत राहतं, चांगलं दहा मीटर, आणि मग उतरत जातं. माणसं झाडांच्या शेंड्यांमधून होडी घालतात.

तिनं फोटो पुन्हा जवळ घेऊन बघितला. सुपातली सुकट एकीकडे सारली.

“सा महिने भरती?” ती म्हणाली. “मंग ती लोका निवट्या कवा पकरतान?”