डोणीतली कुमुदिनी

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, मागच्या दारची दगडी डोण रिकामी पडलीय, काहीतरी फुलणारं लावावं. मग ऐक माझं. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. जांभळं फूल भुलवतं खरं, पण ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. पोलादपूरचे वहाळ शेवटी सावित्री नदीलाच मिळतात. एक रोप वाहून गेलं तरी नदीभर पसरायला पुरे.

आपली कुमुदिनी लाव. पांढरं, नखाएवढं फूल, मध्ये पिवळं, पाकळ्यांवर कापसासारखी लव. सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, दुसऱ्या दिवशी नवं. कासच्या पठारावर तिच्या नावाचं तळंच आहे, पण तिथून काही उचलायचं नाही हं. जवळपासच्या तळ्यात दिसली तर विचारून एकच पान घे. पानाच्या किंचित खाली कळ्यांचा झुबका असतो, तो देठासकट हवा. तिथूनच मुळं फुटतात.

डोणीत वीतभर भातखाचराची माती घाल. शेणखत अजिबात नको, पाणी हिरवं होतं. आधी चार बोटं पाणी, वेल धरला की हातभर. ऊन मात्र निम्मा दिवस तरी हवं. डासांसाठी वहाळातले ते डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे सोड. पावसात डोण भरून वाहते, तेव्हा वर जाळी बांध, नाहीतर मासे जातील.

एक सांगू? जुलै 2021च्या पुरानंतर घरातला चिखल उपसताना मी ठरवलं होतं, दारात पाणी म्हणून ठेवायचं नाही. कित्येक महिने पावसाचा आवाज वाढला की मी उठून उंबऱ्याशी जायची. मग कुणीतरी डब्यातून कुमुदिनीचं एक पान आणून दिलं, ते मी दारातल्या टाकीत लावलं. आता रोज सकाळचा चहा टाकीपाशीच होतो. तुला हे आजवर बोलले नव्हते.

आणि हो, फूल उमललं की नीट बघ. कुमुदिनीत दोन तऱ्हा असतात: काही वेलींच्या फुलांत मधली दांडी परागांच्या वर येते, काहींच्यात खाली राहते. दोन्ही जवळ असल्या तरच बी चांगलं धरतं. माझी उंच दांडीची आहे. तुझी आखूड निघाली, तर गणपतीला येताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक पान घेऊन ये.