घेतलेली काळजी, लागलेली काळजी

माझं बाळंतपण सांगलीला, माहेरी झालं. पोरगी आता चौथीत आहे. इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं, कारण ज्यांनी माझं केलं त्यांनाच नावं ठेवल्यासारखं वाटायचं. नुकतीच वहिनी बाळंतीण झाली, तेव्हा तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, तेच इथे मांडते आहे.

१. रडू आलं तर घाबरू नकोस, पण दिवस मोज.

तिसऱ्या दिवशी मी ढसाढसा रडले, ते हळिवाच्या खिरीत वेलदोडा नव्हता म्हणून. डॉक्टरीणबाई हसल्या. वार पडली की अंगातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं एकदम उतरतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेकींचं असं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं, म्हणाल्या. नाही ओसरलं तर या. नाही ओसरलं. मी गेले नाही. बारसं होतं, मग पाहुणे होते, मग सव्वा महिना संपत आला.

२. हा आजार रडकाच असतो असं नाही.

पुढे माझं रडणं थांबलं. मी पोरीचे श्वास मोजायला लागले. रात्री दीड वाजता मोबाइलच्या उजेडात तिच्या पोटावर हात ठेवून बसायचं, पोट हललं नाही असं वाटलं की तिला हलवून जागं करायचं, ती रडली की आपण शांत व्हायचं. कोणत्या बाजूला किती मिनिटं पाजलं, शी-शू किती वेळा झाली, सगळं एका दोनशे पानी वहीत लिहायचं. आत्याने ती वही पाहिली आणि म्हणाली, "किती गं काळजी घेतेस पोरीची!"

आपल्या भाषेत घेतात तीही काळजी आणि लागते तीही काळजी. त्यामुळे माझ्या आजाराला घरभर शाबासकी मिळत होती. उदास बाई कुणाच्या तरी डोळ्यांत येते. धास्तावलेली आई मात्र सगळ्यांना गुणाची वाटते. खूण एकच होती आणि ती फक्त मलाच ठाऊक होती: पोरगी गाढ झोपलेली, आई शेजारी, तरी माझा डोळा लागत नव्हता. बाळ जागवतं म्हणून जागणं निराळं.

३. जे सांगायची लाज वाटते ते आधी सांग.

तिला घेऊन जिना चढताना ती हातून सुटते आहे असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. मी जिना सोडला. मग विळीकडे बघवेना, तर स्वयंपाकघर सोडलं. आपण राक्षसीण आहोत, हे कळलं तर पोरीला आपल्यापासून तोडतील, या भीतीने दोन महिने तोंड शिवून बसले. मानसोपचारतज्ज्ञांनी हे ऐकून साधं पेनही खाली ठेवलं नाही. असे नको असलेले विचार कितीतरी नव्या आयांना येतात, म्हणाले. त्यांची तुम्हाला दहशत वाटते, म्हणजेच ती तुमची इच्छा नाही.

वेगळं काय, तेही त्यांनीच सांगितलं. आवाज ऐकू येणं, बाळात काही भलतंच शिरलंय अशी खात्री पटणं, दोन-दोन रात्री न झोपताही अंगात वारं भरल्यासारखं फिरणं. हे हजारात एक-दोघींना होतं. तेव्हा मीठ-मोहऱ्या ओवाळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला तरी तसंच.

४. शेक-शेगडी शरीराची. मनाचं कुणीतरी विचारावं लागतं.

माझ्या बाबतीत ते मालिशवाल्या मावशींनी विचारलं. शेकडो बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. तेल जिरवता जिरवता म्हणाल्या, "ताई, बाळाकडं सारखं बघताय, पण हसत न्हाई." डिंकाचे लाडू, धुरी, कानाला रुमाल, कशात काही कमी नव्हतं, हे एक वाक्य तेवढं राहिलं होतं.

पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. दुसरा कागद पुढे दवाखान्यात हातात आला, दहा प्रश्नांचा, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारणारा. एडिंबरा प्रश्नावली म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरात आहे. पाच मिनिटं लागतात. बाळाला लस टोचायला जातो तेव्हाच आईच्या हातात हा कागद का देत नाहीत, कोण जाणे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं, या गोष्टींनी धोका वाढत होता. हे वाचलं आणि "पहिली बेटी धनाची पेटी" असं मला कितीजणींनी समजुतीच्या सुरात ऐकवलं होतं, ते आठवलं. समजूत कशाची घालत होत्या?

५. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि तोही असाच सोंग घेऊन येतो.

६. गोळी.

सासूबाई म्हणाल्या, "दुधातून बाळाला जाईल." काळजी रास्त होती. मला सर्ट्रालिन दिलं होतं. ते दुधात फारच थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आयांना बहुधा तेच देतात. पहिला आठवडा पोट बिघडलं, फरक जाणवायला चार आठवडे लागले. बरं वाटलं म्हणून मी आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवसांत पुन्हा श्वास मोजत बसले. ते करू नकोस. गोळीबरोबर दर आठवड्याला समुपदेशनही होतं. जिना मी तिथल्याच सांगण्यावरून पुन्हा चढले, आधी दोन पायऱ्या.

७. मदत माग ती तासांत माग.

"काही लागलं तर सांग" याचा काही उपयोग होत नाही. रात्री नऊ ते दोन पोरगी बाबाची, असं ठरलं, दूध काढून ठेवलेलं, आणि मी दार लावून दुसऱ्या खोलीत. पहिल्या तीन रात्री दाराला कान लावून उभी होते.

८. कुणाशीच बोलवत नसेल तर टेलिमानसला फोन कर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, माझ्या वेळी नव्हतं.

ती वही कपाटात आहे. शेवटची नोंद "३.४०, डावी, १२ मिनिटं." त्याखाली रेघही ओढलेली नाही. त्या रात्री मी झोपले असणार. पुढच्या पानांवर पोरीने बारापर्यंतचे पाढे लिहिलेत, सातचा चुकलेला.