बाईंचा ऑफ तास

चि. सौ. भाचीबाईस,


बोरिवलीत राहणारी, घाटकोपरच्या एका शाळेत दुपारच्या सत्रात गणित शिकवणारी, दोन मुलांची आई असलेली एक शिक्षिका परवा फोनवर म्हणाली, "मावशी, व्यायामाला वेळ नाही, आणि वेळ मिळालाच तर अंगात त्राण नसतं." ही शिक्षिका कोण ते तुला सांगायला नको. पण तिच्याविषयी जरा लांबूनच लिहिते. जवळून सांगितलेलं ती ऐकत नाही.

या बाई वेळेची तक्रार आधी करतात आणि त्राणाची मागून. क्रम उलटा हवा. वेळ मिळूनही अंगच उचलत नसेल तर त्या वेळेत फक्त फोन बघून होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे शिक्षक-खोलीतल्या लांब टेबलाभोवती दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच जणींचं हिमोग्लोबिन कमी असायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत लागणारी धाप, चौथ्या तासाला जड होणारे डोळे, घरी आल्यावर विनाकारण होणारी चिडचिड, हे सगळं या बायका स्वतःच्या आळसाच्या खात्यावर टाकतात. ते आळसाचं नसेलही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर एवढं एकदा तपासून घ्यावं, डॉक्टरांना दाखवावं आणि मगच स्वतःला नावं ठेवावीत. आणखी एक बारीक गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा संपला की लगेच चहा येतो. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. तासाभरानं प्यायला तर पालेभाजी सत्कारणी लागते. शिपाईमामांना चहाची वेळ बदलायला सांगणं हे मुख्याध्यापकांकडून रजा मंजूर करून घेण्याइतकं अवघड नसावं.

रक्त ठीक निघालं आणि तरीही थकवा आहे, असं झालं तर? अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्ये याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतत थकवा वाटणारी, व्यायाम न करणारी ३६ तरुण माणसं त्यांनी घेतली आणि तीन गट केले. एका गटानं आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं मध्यम जोरानं सायकल मारली, दुसऱ्यानं तितकाच वेळ अगदी हलक्या हातानं, तिसऱ्यानं काहीच केलं नाही. सहा आठवड्यांनी सायकल मारणाऱ्या दोन्ही गटांना सुमारे २० टक्के जास्त उत्साह वाटत होता. थकवा मात्र हलका व्यायाम करणाऱ्यांचा अधिक उतरला, ६५ टक्क्यांनी. मध्यम व्यायामवाल्यांचा ४९ टक्क्यांनी. प्रयोग लहान आहे, त्यावर मंदिर बांधू नये. पण दमलेल्या माणसानं घाम गाळूनच सुरुवात करायला हवी असं नाही, एवढं त्यातून घेता येतं. जिमची वर्षाची फी एकरकमी भरणाऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशा होणाऱ्या मंडळींना हे कुणी सांगत नाही. जिमवाले तर नाहीच.

"पण मी दिवसभर उभीच असते की!" हे बाईंचं दुसरं हुकमी वाक्य. उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. पोटरीचे स्नायू आखडतात-सैलावतात तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. फळ्यासमोर एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचतं, संध्याकाळी घोट्याशी मोज्याचा वळ उमटतो आणि काही वर्षांनी पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा दिसू लागतात. शिक्षक, हवालदार, दुकानातले विक्रेते यांना ती तक्रार सतावते. गणित फळ्यावर मांडून झालं की बाकांच्या रांगांतून फिरत वह्या बघाव्यात, आणि मुलं उदाहरण सोडवत असताना टेबलाला हात टेकून टाचा वीसेक वेळा वर-खाली कराव्यात. मुलं दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी तीही करतील.

उभं राहणं आणि चढणं-उतरणं यातला फरक दाखवायला एक जुना अभ्यास आहे आणि तो बाईंच्या रोजच्या अंधेरीच्या जिन्याला लागू पडतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर मंडळींचे हृदयविकार मोजले. १९५३मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. एकच नोकरी, एकच बस, साधारण एकाच थरातली माणसं. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावर खाली-वर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर सौम्य. मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा जास्त रुंद निघाल्या. म्हणजे फरकाचा काही भाग आधीपासूनच असणार, हे त्यांनी लपवलं नाही. पुढे इतर अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला. हे मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

लंडनसारख्याच दुमजली बसगाड्या मुंबईत १९३७पासून धावत होत्या. बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, अंधेरी स्टेशनच्या आगरकर चौकातून सीप्झकडे गेली. लोकांनी फुगे लावले, फोटो काढले. तिच्या मागच्या अरुंद वळणाच्या जिन्यानं कंडक्टरला खांद्यावर पैशाची पिशवी आणि हातात तिकिटांची पेटी घेऊन किती वेळा चढवलं-उतरवलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आमच्या बाई रोज याच अंधेरीला लोकल सोडून मेट्रो पकडतात आणि सरकत्या जिन्यापाशी दहा माणसांच्या मागे उभ्या राहतात. शेजारचा दगडी जिना रिकामा असतो!

तो जिना म्हणजे बाईंची व्यायामशाळा. पूर्वी सांगायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये ती अट काढून टाकली. आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं हवीत, तुकड्यातुकड्यानं झाली तरी चालतील. २०२२मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांहून अधिक, एरवी व्यायाम न करणाऱ्या लोकांचा अभ्यास आला. मनगटावरच्या यंत्रानं त्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. धापा टाकायला लावणारे एक-दोन मिनिटांचे तीन तुकडे रोज ज्यांच्या दिवसात सहजच येत होते, त्यांच्यात पुढच्या सात वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतं. मुळात धडधाकट माणसंच जिने चढत असतील, ही शंका अशा अभ्यासात राहतेच. तरीही बोरिवलीचा पूल, अंधेरीचा जिना, शाळेचे दोन मजले आणि परतताना पुन्हा तेच, एवढं जर कामाच्या वाटेवरच पडलेलं असेल तर शंका घेत खाली कशाला उभं राहायचं?

फक्त एक अट. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एका खांद्यावर लटकवून जिना चढायचा नाही. साठ मुलांच्या दोन तुकड्यांचं ओझं खांदा आणि कंबर दोन्ही वाकडं करतं. गठ्ठे शाळेच्या कपाटात ठेवावेत आणि ऑफ तासाला तपासावेत. अर्थात तो ऑफ तास गैरहजर बाईंच्या वर्गावर बदली म्हणून जातो, हे मान्य आहे. मग पाठीवरची सॅक घ्यावी. साडीवर सॅक शोभत नाही म्हणणाऱ्यांची कंबर कुणी बघून ठेवलेली नाही.

आता वेळेचं. वेळ कुठे सांडलेला नसतो की शोधला आणि सापडला. तो आधीपासून कुणाच्या तरी ताब्यात असतो आणि त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो, हेच मला या बाईंना खरं सांगायचं आहे. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. फरक आहे तीन तास बावीस मिनिटांचा. २०२२च्या आकड्यांवरून झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं, त्याची मुळं या तीन तासांतही असणारच. जावईबापू भले आहेत, 'मदत' करतात. मदत नको, वाटणी हवी. रात्रीचा कुकर आणि मुलांचा गृहपाठ त्यांच्याकडे गेला तर बाईंना घरी पोचायची जी घाई असते ती अर्ध्या तासानं सैल होते.

शाळेकडूनही काही काढून घेता येतं. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यात पाठाची तयारीही मोडते. दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये, असं कलम २७ म्हणतं. व्यवहारात निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्यांची पायपीट वर्षभर पुरते, आणि ऑनलाइन माहिती भरण्याला तर कुठलंच कलम लागत नाही. त्याच्याशी एकट्या बाई भांडू शकणार नाहीत. पण रात्री दहानंतर शाळेच्या व्हॉट्सॲप गटाला उत्तर द्यायचं नाही, एवढं एकटीनं ठरवता येतं. झोप वाचली की सकाळ वाचते.

त्या काढून घेतलेल्या अर्ध्या तासाचं काय करायचं, ते बाईंच्याच विषयातलं उदाहरण आहे. बोरिवली स्टेशनपासून लिंक रोडपलीकडच्या घरापर्यंत पंचवीस मिनिटं, शाळेचे सहा दिवस. पंचवीस सक दीडशे. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं नाही, चालू लागायचं. घरी जाऊन, चहा घेऊन, मग फिरायला निघू असं म्हणणाऱ्या शिक्षिका मी पुष्कळ पाहिल्या. एकदा सोफ्यावर टेकल्यावर पुन्हा बूट घालणारी मात्र विरळाच. पहिला काही भाग भाजीवाले आणि हातगाड्या यांच्यातून वाट काढण्यातच जातो, ते चालणं या पंचवीस मिनिटांत धरलेलं नाही. गर्दी विरळ झाली की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चालावं.

स्टेशनपासूनचा हा रस्ता लोकमान्य टिळकांच्या नावाचा आहे, म्हणून त्यांचंही सांगते. अंगानं किरकोळ असलेल्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालीम आणि पोहण्यात घालवलं आणि त्या वर्षी ते नापास झाले. त्या कमावलेल्या शरीरावर पुढे शाळा, वर्तमानपत्र आणि तुरुंग सगळं निभावलं, असं मानतात. बाईंना असं वर्ष कुणी देणार नाही. त्यांना पंचवीस मिनिटांतच भागवायचं आहे.

पावसाळ्यात रस्ता सुटतो. जून ते सप्टेंबर सोसायटीचा जिना आहे. चपलांचे रॅक आणि मुलांच्या सायकली चुकवत चढायची तयारी मात्र हवी. चढताना दम, उतरताना गुडघे, म्हणून गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्टनं उतरावं. स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळा व्यायाम हवा असंही आरोग्य संघटना सांगते, आणि त्याला सूर्यनमस्कार पुरतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांत ते लागू केले. आपल्या शाळांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलं नमस्कार घालतात आणि बदलीवर आलेल्या बाई सावलीत शिट्टी घेऊन उभ्या असतात. त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून मुलांच्या रांगेत उतरायला काय हरकत आहे? ज्यांना माणसाकडून शिकायचं असेल त्यांच्यासाठी सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट आहे. श्री योगेंद्र यांनी ती १९१८मध्ये अंधेरीजवळच्या वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या निवासस्थानी सुरू केली, तीच मुळी साधूंसाठी नव्हे तर संसारी माणसांसाठी.

बोरिवलीचं नॅशनल पार्क रविवारसाठी राखून ठेवावं. सगळे म्हणतात, "दाराशी जंगल आहे आणि तू जात नाहीस?" रोज पहाटे तिथे जाणाऱ्यांत निवृत्त मंडळींचा भरणा असतो. त्यांना डबे भरायचे नसतात. रविवारी मुलांना आणि जावईबापूंना घेऊन कान्हेरीच्या रस्त्यानं जमेल तेवढं चालावं. सोमवारी ते बंद असतं, हे लक्षात असू द्यावं.

आणि सोबत पाठवलेल्या पैशांचे बूट घे, साडी नको. संध्याकाळी शाळा सुटल्यावर घे. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसणारा बूट तेव्हा बोटांना लागतो. मोजे घालून माप दे, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोड, आणि बिल जपून ठेव. नाही बसला तर बदलून मिळेल.

तुझी,
मावशी