संभाजीनगर ते मुंबई : माल आणायला जाताना कोणता रस्ता धरायचा?

खरेदीच्या फेरीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय : "सर, भिवंडीला टेम्पो घेऊन जायचंय. समृद्धीने जाऊ की नाशिकवरून?" व्हिडिओत मी पटकन "समृद्धी" म्हणून मोकळा झालो होतो. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून आज वही-पेन घेऊन बसूया.

आपल्या गावाहून मुंबईकडे जायला तीन रस्ते. पहिला जुना : वैजापूर, येवला, नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी. दुसरा समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. म्हणजे आता माळीवाड्याला चढायचं आणि थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं. कसारा घाटाऐवजी सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तिसरा रस्ता अहिल्यानगर, पुणे, एक्सप्रेसवे. पुण्यात काम असेल तरच हा धरा, नाहीतर उगाच लांबचा फेरा. अहिल्यानगरहून आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण असाही जाता येतं, पण पावसाळ्यात माळशेजला दरडी पडतात. भरलेला टेम्पो घेऊन तिथे अडकायचं नाही.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. चला, हिशोब.

गाडी छोटा पिकअप. ॲव्हरेज १२ चं आणि डिझेल ९० रुपये लिटर धरा. भिवंडी नाशिकवरून साधारण ३२५ किमी, समृद्धीने शहरातलं धरून साधारण २९०. म्हणजे ३५ किमी कमी, डिझेलचे जवळपास २६० रुपये वाचले. आता टोल. समृद्धीवर जेवढं अंतर तेवढा टोल, आणि तो उतरताना कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासूनचा दर कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, हलक्या मालवाहू गाडीला ३.३२ रुपये. माळीवाडा ते आमणे २६० किमी धरले तर पिकअपला साधारण ८६० रुपये. त्यातून डिझेलचे २६० वजा करा. एका बाजूला समृद्धी जास्तीत जास्त ६०० रुपयांनी महाग पडतो. जुन्या रस्त्यावरही घोटी आणि पडघ्याला टोल आहे, तो तुमच्या फास्टॅगच्या मेसेजमध्ये बघून वजा करा, म्हणजे फरक अजून कमी होईल. मी मुद्दाम जास्तीचा आकडा धरतोय.

या ६०० रुपयांत मिळतं काय? वेळ. समृद्धीवर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे. १२० कारसाठी आहे, टेम्पोवाल्यांनी ते विसरायचं. चहापाणी धरून पाच तास. जुन्या रस्त्याने सात-साडेसात, कांद्याचा सीझन असेल तर येवला-विंचूर पट्ट्यात ट्रॅक्टरच्या रांगेमागे त्याहून जास्त. म्हणजे दोन-अडीच तास वाचले. तासाला २४० ते ३०० रुपये भाव पडला.

आता सांगा, तुमचा तास २४० रुपयांचा आहे का?

"वेळ म्हणजे पैसा" सगळेच म्हणतात, पण गल्ल्यात किती पैसा ते कोणी काढत नाही. समजा दुकानाचा रोजचा गल्ला १०,००० आणि सुटतात २० टक्के. म्हणजे २,००० रुपये. दहा तास दुकान उघडं, तर तासाला २००. नुसतं असं बघितलं तर समृद्धी परवडत नाही! पण गिराईक दहा तास सारखं येत नाही ना. माझं दुकान घरगुती वस्तूंचं आहे, माझा अर्धा गल्ला संध्याकाळी सहा ते नऊमध्ये होतो. त्या तीन तासांत १,००० रुपये सुटतात, म्हणजे तासाला ३३०. दुपारी दोन ते चार मात्र मी पंखा बघत बसलेला असतो.

म्हणून रस्ता निवडताना किती तास वाचले एवढंच बघू नका, ते घड्याळात कुठे पडले ते बघा. समृद्धीने आल्यामुळे तुम्ही सहाच्या आत काउंटरवर उभे राहिलात, तर ६०० रुपये वसूल. दुकान बायको किंवा भाऊ सांभाळतोय आणि तुम्ही रात्री अकराऐवजी नऊला पोहोचलात, तर गल्ल्यात एक रुपया वाढला नाही. मग ते पैसे आरामाचे आहेत. आरामाला द्यायलाही हरकत नाही, फक्त वहीत "धंद्याचा खर्च" म्हणून लिहू नका.

जुन्या रस्त्याची एक बाजू कोणी धरत नाही. वैजापूर, येवला, निफाड, नाशिक ही सगळी बाजारपेठेची गावं आहेत. तुम्ही होलसेलमध्ये थोडाही माल देत असाल तर येताना येवल्यात दोन दुकानं, वैजापुरात एक, अशी उधारी गोळा होते, नवीन ऑर्डर मिळते. समृद्धीवर दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये कोणीच भेटत नाही.

आता जे व्हिडिओत बोललो नाही ते. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्री वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी समृद्धीवर मिनीबस ट्रकवर आदळली, १२ माणसं गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत दिवाळीचा माल घेऊन मी त्याच पट्ट्यातून येत होतो. तेव्हा समृद्धी भरवीरपर्यंतच होता. सकाळी सातपासून भिवंडीत गोदामं फिरलो, स्वतः खोकी मोजली, कसारा चढलो आणि भरवीरला समृद्धीवर लागलो. हॉटेलच्या मुक्कामाचे पैसे वाचवायचे होते. रात्रीचे दीड. रस्ता सरळ, समोर काही नाही, ना खड्डा ना गाव. मला झोप लागली हे मला कळलंच नाही. शेजारी मेव्हणा होता, तो ओरडला तेव्हा डावं चाक डांबर सोडून कडेच्या मातीत गेलेलं. गाडी सावरली. मागची काचेची दोन खोकी फुटली, एवढ्यावर भागलं. पुढे गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. घरी बायकोला खोकी हमालाने फोडली म्हणून सांगितलं. खरं काय ते तिला दोन महिन्यांनी मेव्हण्याकडून कळलं, आणि ते प्रकरण वेगळंच झालं.

मुक्कामाचे मी १,२०० रुपये वाचवले होते.

जुन्या रस्त्याला आपण शिव्या देतो, पण त्याचे स्पीडब्रेकर, समोरून डोळ्यात येणारे दिवे, येवल्याचा चहा, हेच तुम्हाला जागं ठेवतात. समृद्धीवर ते काम तुम्हालाच करावं लागतं. तेव्हापासून माझे नियम ठरलेत. दिवसभर खरेदी केली की त्या रात्री गाडी चालवायची नाही. समृद्धीवर रात्री अकरानंतर चढायचं नाही. चढण्याआधी टायर थंड असताना हवा तपासायची, कारण गुळगुळीत टायर जुन्या रस्त्यावर एकवेळ निभावतो, इथे सलग वेगात तापून फुटतो. डिझेल आणि पाणी शहरातच भरून घ्यायचं.

दोन किरकोळ गोष्टी, कारण त्यावरही प्रश्न येतात. वार्षिक फास्टॅग पास समृद्धीवर चालत नाही. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेच्या नाक्यांसाठी आहे, आणि तोही फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला. पिवळ्या पाटीच्या टेम्पोला तो मिळतच नाही. आणि ई-वे बिल : राज्यातल्या राज्यात माल एक लाखाच्या वर गेला की लागतं. २०० किमीला एक दिवस मिळतो, म्हणजे भिवंडीहून आपल्याला दोन दिवस. त्यामुळे "बिल संपेल" म्हणून रात्रीत गाडी पळवायची गरज नाही, भिवंडीत निवांत झोपा. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवा गाडी नंबर बिलात भरायला विसरू नका.

शेवटी, जे नुकतेच सुरुवात करताहेत त्यांच्यासाठी. तुमचा माल पाच-सात खोक्यांचा असेल तर यातला एकही रस्ता तुमचा नाही! रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपा, सकाळी सीएसएमटीला उतरा. तिथून क्रॉफर्ड मार्केट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दिवसभर खरेदी करा, माल ट्रान्सपोर्टला टाका, पक्कं बिल आणि बिल्टी खिशात घालून रात्रीच्या गाडीने परत या. माल मागून येईल. मी स्वतः पहिली दोन वर्षं असंच केलं. पिकअप घेतल्यावर ही सवय मोडली. मागच्या वर्षी वहीत हिशोब मांडला तेव्हा कळलं की वर्षातल्या निम्म्या फेऱ्यांना गाडी न्यायची गरजच नव्हती. आता दिवाळी आणि लग्नसराईलाच पिकअप निघते, ती समृद्धीने, पहाटे पाचला, आणि मेव्हणा शेजारी.

बिल्टी कशी वाचायची, त्यात हमाली आणि डोअर डिलिव्हरीचे पैसे कुठे लपलेले असतात, ते पुढच्या व्हिडिओत खरी बिल्टी समोर ठेवून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या गल्ल्याचे तासावार आकडे एक आठवडा लिहून ठेवा, तेव्हा लागतील.